१२ मजली रुग्णालय १८ मजली इमारतीएवढं उंच कसं?

प्रश्न: रुग्णालयाचा नवा टॉवर १२ मजली, शेजारची निवासी इमारत १८ मजली, तरी दोन्हींचे माथे एका रेषेत. शिवाय टॉवरच्या कमरेला बिनखिडक्यांचा कोरा पट्टा. लांबून आधी तोच डोळ्यांत भरतो. तो कशासाठी? उंची कमी करता आली नसती का? (खाली तिघांची उत्तरं, आपापल्या टोपणनावाने.)

डक्ट-आराखडा: सगळी जादा उंची फॉल्स सीलिंगच्या वर जाते. घरात स्लॅब ते स्लॅब, म्हणजे एका मजल्याची पूर्ण उंची, साधारण ३ मीटर, रुग्णालयात ४.५ धरा. १२ मजल्यांचे झाले ५४ मीटर, म्हणजे घराचे १८ मजले. वॉर्डला सीलिंगखाली २.७ मीटर दिले की वर १.८ उरतात. त्यात बीम-स्लॅब ७०० मिमी, इन्सुलेशनसकट डक्ट (एसीची हवा नेणारी मोठी नळी) ६००, स्प्रिंकलर (आग विझवणारे फवारे), केबल ट्रे आणि मेडिकल गॅसच्या तांब्याच्या नळ्या मिळून ३००, सीलिंगची फ्रेम आणि दिवे १५०. हातात राहतात ५० मिमी! ड्रेनेजच्या पाइपला १०० ला १ उतार दिला तर १० मीटरमध्ये तो १०० मिमी खाली येतो आणि डक्टला अडतो. मग साइटवर डक्ट चपटा केला जातो. हवेचा वेग वाढतो, आवाज येतो, पंख्यावर भार पडतो. ऑपरेशन थिएटरमध्ये तासाला २० वेळा हवा बदलावी लागते, तिथे असली तडजोड चालूच नये. उंची कापण्याआधी सेक्शन ड्रॉइंग, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाचा नकाशा, मागून बघा.

प्लंबिंग-शाफ्ट: तो पट्टा म्हणजे सर्व्हिस फ्लोअर, फक्त पाइप आणि यंत्रांसाठीचा मजला. वर वॉर्ड, खाली ओटी (ऑपरेशन थिएटर). वॉर्डांच्या टॉयलेटचे पाइप सरळ खाली उतरवले तर ओटीच्या डोक्यावर येतात. एक सांधा गळला की थिएटर बंद. म्हणून ते या मजल्यावर आडवे वळवून कडेच्या शाफ्टमध्ये (पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीत) सोडतात. ओटीचे एएचयूही (हवा गाळून थंड करून पुरवणारी यंत्रं) इथेच बसवले तर फिल्टर बदलायला निर्जंतुक भागात शिरावं लागत नाही. हा मजला गाळून उंची वाचवायचा मोह होतो, पण पुढची दुरुस्ती फार महागात पडते.

गच्ची-प्लांट: सहमत, फक्त पट्टा कोराच हवा असं नाही. तिथे हवेसाठी लूव्हर (तिरक्या पट्ट्यांच्या झडपा) लागतातच, ते वरच्या खिडक्यांच्या ओळीत बसवले तर पट्टा भिंतीत मिसळतो. गच्चीवरचे कूलिंग टॉवर (एसीच्या पाण्याची उष्णता हवेत सोडणारे) मात्र शोभेसाठी सलग भिंतीआड कोंडू नका. गरम दमट हवा परत आत ओढली जाते आणि चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र) जास्त वीज खातो. आडोसाही लूव्हरचाच करा. ताज्या हवेचं तोंड कूलिंग टॉवरपासून किमान २५ फूट दूर आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा, कारण त्यांच्या तुषारांतून लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू पसरू शकतो.