मदत हवी आहे: जोसेप बोरेल यांच्या हातात नेमकी सत्ता किती होती?

नमस्कार मंडळी,

आमच्या अभ्यासगटात पुढच्या शनिवारी युरोपीय संघावर बोलायची पाळी माझी आहे. संस्थांची नुसती जंत्री वाचली की मुलं पेंगतात, म्हणून एका माणसाच्या वाटचालीतून विषय उलगडायचं ठरवलंय. माणूस निवडलाय स्पेनचे जोसेप बोरेल.

स्पेनमधला भाग मला नीट लागलाय. पिरेनीजच्या पायथ्याशी ला पोब्ला दे सेगुर गावात १९४७ चा जन्म, वडिलांची बेकरी, शिक्षण विमान अभियांत्रिकीचं. १९८४ ते १९९१ करवसुलीची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आणि ती इतकी कडक की लोला फ्लोरेससारख्या लाडक्या गायिकेलाही करचुकवेगिरीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. पुढे १९९६ पर्यंत बांधकाम आणि वाहतूक मंत्री. माद्रिद-सेविया वेगवान रेल्वे १९९२ मध्ये धावू लागली ती त्यांच्याच कार्यकाळात. १९९८ मध्ये समाजवादी पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी थेट सरचिटणीस होआकिन आल्मुनियांना हरवून पंतप्रधानपदाची उमेदवारी मिळवली. वर्षभरात करखात्यातले दोन जुने सहकारी चौकशीत सापडले आणि बोरेलनी उमेदवारी सोडली.

माझं घोडं अडलंय ते पुढे. २००४ मध्ये ते पहिल्यांदाच युरोपीय संसदेवर निवडून आले आणि लगेच तिचे अध्यक्ष झाले. सर्वांत मोठा गट तर विरोधी, उजवीकडच्या पक्षांचा होता. मग हे जमलं कसं? आणि डिसेंबर २०१९ पासून पाच वर्षं ते संघाचे परराष्ट्र धोरणप्रमुख होते, त्यांना ‘युरोपचे परराष्ट्रमंत्री’ म्हणावं का?

प्रतिसाद १

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. संसदेची मुदत पाच वर्षं, अध्यक्षाची अडीच. दोन मोठ्या गटांनी, म्हणजे उजव्यांनी आणि बोरेलच्या समाजवाद्यांनी, आधीच वाटणी केली: आधी बोरेल, मग जर्मनीचे हान्स-गर्ट पॉटरिंग. महाराष्ट्रातल्या मुलांना अडीच-अडीचचा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही! मतदानात बोरेलना ३८८ मतं पडली, पोलंडचे ब्रोनिस्वाव्ह गेरेमेक २०८ वर थांबले. गेरेमेक पोलंडमधल्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्धच्या सॉलिडॅरिटी चळवळीतले मोठे नाव, त्यामुळे ही वाटणी मला तरी आजही खटकते.

‘परराष्ट्रमंत्री’ मात्र म्हणू नका. हा पदाधिकारी २७ देशांच्या मंत्र्यांची बैठक चालवतो, प्रस्ताव मांडतो, संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाचा उपाध्यक्षही असतो. पण निर्णय बहुतेक वेळा एकमतानेच होतो. फेब्रुवारी २०२२ चं उदाहरण घ्या. संघाच्या अर्थसंकल्पातून लष्करी खर्च करायला संघाच्या मूळ करारात मनाई आहे. म्हणून अर्थसंकल्पाबाहेरच्या ‘युरोपीय शांतता सुविधे’तून युक्रेनला ५० कोटी युरो दिले, त्यातले ४५ कोटी शस्त्रांसाठी. ऑस्ट्रिया, आयर्लंड आणि माल्टा यांना शस्त्रांत वाटा नको होता. नकार देऊन निर्णय अडवण्याऐवजी बाजूला राहायची सोय करारात आहे, ती त्यांनी वापरली.

याच्याशेजारी नोव्हेंबर २०२४ ठेवा. गाझातल्या युद्धामुळे इस्रायलशी राजकीय संवाद स्थगित करावा, असा प्रस्ताव बोरेलनी पद सोडायच्या काही दिवस आधी मांडला. मंत्र्यांनी तो मान्य केला नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार! ही दोन उदाहरणं फळ्यावर शेजारीशेजारीच लिहितो. आता एकच राहिलं: परराष्ट्र धोरणात एकमताऐवजी बहुमतानं निर्णय कोणत्या बाबतीत घेता येतो, हे कोणी सोप्या भाषेत सांगेल का? मुलं नक्की विचारणार.