अळूचं फदफदं खाल्लं की घसा खाजतो, काय चुकतंय?

कोपरीकर:
काल जांभळी नाक्यावरून अळूच्या दोन जुड्या आणल्या, आई करायची तसंच डाळ-दाणे घालून फदफदं केलं, पण दोन घासांतच घसा असा खवखवायला लागला की मुलीने ताटच बाजूला सारलं. मला हे इतकं आवडतं की सोडवत नाही. काय करू?

ऐरोलीची ताई:
चिंच किती घातलीत? अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात, म्हणून आंबट हवंच आणि शिजवायलाही भरपूर हवं. मी दोन जुड्यांना मोठ्या लिंबाएवढी चिंच कोळून घेते. पानं आणि डाळ कुकरला 3-4 शिट्ट्या, मग गरम असतानाच रवीने घोटायचं, बेसन लावायचं, चिंच-गूळ घालून परत छान रटरट उकळायचं, वरून लसणाची फोडणी. आमच्याकडे भाताबरोबर पातेलं संपतं.

नेरुळवाला:
देठ बघितलेत का? पोपटी देठाचं भाजीला, काळपट देठाचं वडीला. आणि चिरताना हाताला तेल लावा, देठ सोलून घ्या.

कोपरीकर:
देठ पोपटीच होते. चिंच मात्र बोराएवढीच घातली हो! उरलेलं फ्रीजमध्ये आहे, घरात चिंच संपलीये, आमसुलं चालतील का?

ऐरोलीची ताई:
चालतील की, 5-6 टाका आणि चांगली 15 मिनिटं उकळा. आधी स्वतः चमचाभर खाऊन बघा, मगच मुलीला वाढा.