इसार आधी की इंजिनिअर आधी?

जुळेसोलापूरकर (धागाकर्ता)
जुळे सोलापुरात एक बंगली बघितली आहे. १९९८ चं बांधकाम. खाली तीन खोल्या, वर दोन, मागं बोअर, पुढं हौद. ४८ लाख सांगतायत. आतून-बाहेरून नुकताच रंग मारलाय आणि तेच मला खटकतंय. मी म्हटलं, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवतो, मग इसार देतो. मालक बिघडले. "घर विकायलोय, मुलगी दाखवायला बसलो नाही," म्हणाले. एजंट म्हणतो दुसरी पार्टी पैसे घेऊन उभी आहे. सासरे म्हणतात आपला मिस्त्री बघेल की. पन्नास रुपयांचं कलिंगड आपण थापटून घेतो, आणि ४८ लाखांचं घर दोनदा चहा पिऊन घ्यायचं? माझं काही चुकतंय का?

वीस वर्षं प्लॉटफ्लॅट
चुकतंय साहेब. मी याच धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. पंचवीस वर्षांच्या बंगलीत तुम्ही जागेचे पैसे देता, भिंतीचे नाही. इंजिनिअरला फी दिली की तो काहीतरी काढणारच. बिनभेगेचं एक घर सोलापुरात दाखवा, कमिशन सोडतो. कागद बघा. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, सिटी सर्व्हेचा उतारा, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र. भेगेपायी कोर्टाच्या पायऱ्या चढलेला माणूस मी अजून बघितला नाही, कागदापायी चढलेले रोज बघतो.

सिव्हिलवाला
भेगा असतात हे एकदम मान्य. म्हणूनच ती भेग कुठली, हे कळायला हवं. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. मे महिन्यात ती उघडते, पावसात मिटते. म्हणजे दिवाळीत बघितलेलं घर मे महिन्यात तेच राहत नाही. त्यात पुट्टी आणि रंग मारला की संपलंच. प्लास्टरवरची केसाएवढी जाळी असेल तर झोपा निवांत. एका टोकाला रुंद होत जाणारी, आत-बाहेर दोन्हीकडून दिसणारी भेग असेल तर थांबा.

कॉलमचं तर नुसतं बघून कळतच नाही. आम्ही कडेचं थोडं काँक्रीट फोडतो आणि ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन मारतो. गुलाबी झालं तर बरं. रंगच आला नाही तर त्या काँक्रीटमधला सळईला जपणारा क्षार गेलाय, आता गंज धरायला फक्त ओल हवी. याला पाच मिनिटं लागतात.

शेंगाचटणी_दही
मी मे महिन्यात घर घेतलं. शेळगीकडं. ऊन एवढं की घर कोरडं ठणठणीत, रंग एकदम नवा. आपल्याकडं खरा पाऊस येतो सप्टेंबरात. दोन रात्री लागून पडला आणि हॉलच्या छतावर थाळीएवढा डाग आला, मग परातीएवढा. वरचा कोबा फुटलेला होता, त्यावर नुसती चुन्यासारखी पावडर फासलेली. कोबा काढून परत करायला १ लाख ९० हजार गेले. जुन्या मालकाला फोन केला तर म्हणतो, "यंदा पाऊसच लई झाला ओ."

सूची_क्रमांक_दोन
वकिली करतो, म्हणून थोडं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ५५: मालकाला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या काळजीनं सापडला नसता असा मोठा दोष मालकानं सांगायलाच हवा. पण त्याला माहीत होतं हे सिद्ध तुम्ही करायचं. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीचा कायदा, त्यातलं पाच वर्षांचं दोषदायित्व बिल्डरवर, ताब्यापासून. १९९८ च्या बंगलीला ते लागत नाही. आणि बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणजे तपासणी झाली असं समजू नका. कर्ज बुडालं तर घर कितीला जाईल, एवढंच तो बघतो.

विकून_मोकळा
आता विकणाऱ्याचंही ऐका. मी अक्कलकोट रोडचं घर विकायला काढलं होतं. एक साहेब इंजिनिअर घेऊन आले, भिंतीला चार ठिकाणी खळगे पाडले, एकतीस पानांचा रिपोर्ट केला आणि सहा लाख कमी करा म्हणाले. मी नाही म्हटलं. ते गेले, पण तो रिपोर्ट एजंटांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. पुढचे चार महिने गिऱ्हाईक नाही. खळगे मीच बुजवले. माझ्याच घराची बदनामी, आणि मला वाचायला कॉपीसुद्धा दिली नव्हती.

जुळेसोलापूरकर
@विकून_मोकळा, हे खरंच वाईट झालं. माझ्या डोक्यात ही बाजू आलीच नव्हती. फी अर्धी-अर्धी, रिपोर्टची प्रत दोघांना, आणि काय फोडायचं ते मालकासमोर ठरवायचं, असं विचारून बघू?

मिस्त्रीचा_पोरगा
विचारा की. पण या इंजिनिअर लोकांना घर तपासायचं वेगळं लायसन तरी आहे का आपल्याकडं? नाही. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं घरं बांधली, पाच रुपयाच्या नाण्यानं फरशी ठोकून सांगतात कुठं पोकळ आहे. बद्द आवाज आला की खाली माल नाही. हौदाचं तर सोपं आहे. नळाला पाणी येईल त्या दिवशी काठोकाठ भरा, मोटर बंद, पाण्याच्या रेषेला पेन्सिल मारा, सकाळी बघा. याला कसली मशीन लागते?

सिव्हिलवाला
वडिलांना नमस्कार. नाणं आणि पेन्सिल मीही वापरतो. फक्त कॉलमच्या पोटात नाणं चालत नाही.

जुळेसोलापूरकर (नऊ दिवसांनी)
मालक अर्ध्या फीला तयार झाले. जिन्याखालचा कॉलम लगेच गुलाबी झाला. वरच्या बाथरूमजवळच्या बीमवर मात्र रंगच आला नाही, दुरुस्ती सांगितली आहे. हौद शुक्रवारी रात्री पाणी आल्यावर भरला. सकाळी पाणी पेन्सिलच्या रेषेखाली चार बोटं. मालक स्वतः बॅटरी घेऊन वाकून बघत होते. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दोन उन्हाळे मी टँकर मातीत ओतूलालो काय?"

वीस वर्षं प्लॉटफ्लॅट
शेवटी किती सुटले ते सांगा.

जुळेसोलापूरकर
सव्वा लाख. बीम आणि हौद माझ्याकडं. इसार सोमवारी.

मिस्त्रीचा_पोरगा
हौद आम्ही करून देतो. खासगी मेसेज करा.