शब्दचर्चा : वृत्तसंकेतस्थळ ‘पक्षपाती’, ‘उजवे’ की ‘पक्षाभिनिवेशी’?

नौपाडाकर :

ठाण्यात महिन्यातून एका रविवारी आम्ही आठ-दहा जण मराठी विकिपीडियासाठी लेख लिहायला एकत्र बसतो. या वेळी माझ्या वाट्याला ‘ब्राइटबार्ट’ या अमेरिकन वृत्तसंकेतस्थळावरचा लेख आला आणि मी पहिल्याच वाक्यावर अडलो. अँड्र्यू ब्राइटबार्ट यांनी ते २००७ मध्ये सुरू केले, बातम्यांबरोबर तेथे मते आणि टीकाटिप्पणीही प्रसिद्ध होते, इथवर कोणाचे दुमत नाही. दुमत आहे ते विशेषणाबद्दल. इंग्रजी लेखाने पहिल्याच वाक्यात त्याला ‘फार-राइट’, म्हणजे राजकारणात टोकाचे उजवे, म्हटले आहे. ते जसेच्या तसे देवनागरीत उतरवले तर ‘फार बरोबर’ असे वाचले जाईल, म्हणून ती वाट बंद. मी ‘पक्षपाती वृत्तसंकेतस्थळ’ असे लिहिले. गटातल्या एका ताईंनी ते खोडून ‘कडवे उजवे’ केले, एका काकांनी ‘वादग्रस्त’ सुचवले, आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने ‘पक्षधर’ हा शब्द आणला, जो मला हिंदीतून आल्यासारखा वाटतो आणि मराठी वाचकाला त्यातून नेमके काय कळेल याची शंका येते.

‘पक्षपाती’बद्दल माझा स्वतःचाही आता गोंधळ झाला आहे. संस्कृत काव्यात ‘पक्षपात’ म्हणजे एखाद्याकडे मनाचा ओढा, आणि तो ओढा सद्गुणांकडे असेल तर ती स्तुतीच ठरते. आजच्या मराठीत मात्र पक्षपात पंच करतो, परीक्षक करतो, सासू करते. म्हणजे ज्याच्याकडून समान वागणुकीची अपेक्षा होती त्याने ती मोडली, असा ठपका त्या शब्दात आधीच बसलेला असतो. ज्ञानकोशाने स्वतःच्या तोंडाने असा ठपका ठेवावा का, आणि ठेवू नये तर मराठीत निव्वळ वर्णन करणारा शब्द कोणता, हे जाणकारांनी सांगावे.

वाशीकर :

नौपाडाकर, मी वृत्तपत्राच्या भाषांतराच्या टेबलावर बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे ही जखम ओळखीची आहे. आपण ‘पक्षपाती’वर थांबलात, पण खरा घोळ ‘उजवे’ या शब्दात आहे, असे मला वाटते. डावे आणि उजवे ही राजकारणातली विभागणी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेतल्या बसण्याच्या जागांवरून आली, आणि तिचे मूळ केवळ आसनव्यवस्थेत असल्याने युरोपीय भाषांत ती पुष्कळशी कोरडी राहिली. मराठीत उजवा म्हणजे सरस. ‘हा खेळाडू त्याच्यापेक्षा उजवा ठरला’, ‘त्या दोघींत डावे-उजवे करता येणार नाही’, ‘कूस उजवली’, हे सगळे आपण रोज बोलतो. डाव्याच्या वाट्याला मात्र डावलणे आले. राजकारणाची सवय असलेल्या वाचकाला संदर्भाने अर्थ लागतो, हे खरे. तरीही ‘उजवे संकेतस्थळ’ असे सुटे लिहू नये, ‘उजव्या विचारसरणीचे’ असे लांबवूनच लिहावे, कारण ‘विचारसरणी’ हा शब्द जोडला की सरसपणाचा अर्थ गळून पडतो.

आता ‘उजवे’च्या आधी जोडायच्या विशेषणाकडे येऊ. ‘जहाल’ हा शब्द अजून कोणी सुचवलेला दिसत नाही, पण सुचवला जाईल, म्हणून आधीच सांगतो की तो घेऊ नये. १९०७ च्या सुरत अधिवेशनात काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ अशी फूट पडली, आणि टिळक जहालांच्या बाजूचे असल्यामुळे मराठी मनात या शब्दाभोवती तेव्हापासून आदराचे वलय आहे. उलट ‘मवाळ’ हे शिवीच्या जवळ गेले. अमेरिकेतल्या एखाद्या संकेतस्थळाला ‘जहाल’ म्हटले तर न मागता त्याला टिळकांची पगडी घातल्यासारखे होते. ‘कडवे’चीही तीच गत आहे. आपल्या ठाण्यात तर ‘कडवट शिवसैनिक’ ही माणसाने स्वतःला अभिमानाने लावायची पदवी आहे, आणि ‘कट्टर समर्थक’ रिक्षाच्या मागच्या काचेवर वाचायला मिळते. इंग्रजीत जे विशेषण अंतर दाखवते, ते मराठीत आणताना छातीवरचा बिल्ला होते. ‘अतिउजवे’ किंवा ‘टोकाच्या उजव्या विचारसरणीचे’ हे त्यातल्या त्यात निरुपद्रवी आहे. त्यातले ‘टोकाच्या’ मला बरे वाटते, कारण टोक ही केवळ जागा आहे, तिला चव किंवा धग नाही.

‘वादग्रस्त’बद्दल फार बोलण्यासारखे नाही. ज्या शब्दाने काय वाद, कोणाशी वाद, हे काहीच कळत नाही, तो ज्ञानकोशात वाचकाची जागा अडवतो. इंग्रजी विकिपीडियाच्या लेखनशैलीच्या नियमांतही जपून वापरायच्या शब्दांमध्ये त्याचा इंग्रजी भाऊ आहेच.

एका पक्षाची बाजू धरून चालणारा या अर्थाच्या ‘पार्टिझन’ या इंग्रजी शब्दासाठी मी ‘पक्षाभिनिवेशी’ सुचवीन. ‘पक्षाभिनिवेश बाजूला ठेवून एकत्र या’ हे आपण सभांमध्ये ऐकत आलो आहोत. अभिनिवेश म्हणजे आग्रहाने एखाद्या बाजूला चिकटणे. त्यात लबाडीचा आरोप नाही, तोल सुटल्याची नोंद आहे. शब्द लांब आहे आणि बातमीच्या मथळ्यात मावणार नाही, हे मी स्वानुभवाने कबूल करतो. पण आपल्याला मथळा लिहायचा नाही.

ऐरोलीकर :

वाशीकरांचे विवेचन आवडले, पण माझा थोडा विरोध नोंदवतो. तुम्ही सगळे शब्दाची धार बोथट करण्याच्या मागे आहात, आणि बोथट शब्द हा सुद्धा एक पक्षपातच असतो. २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी चर्चा करून ठरवले की ब्राइटबार्टचा उपयोग तथ्यांच्या संदर्भासाठी करायचा नाही, फार तर त्याची स्वतःची मते सांगताना, त्याचे नाव घेऊन करायचा. एक वर्ष आधी, २०१७ मध्ये, ‘डेली मेल’ या ब्रिटिश दैनिकाबाबत त्यांनी असाच निर्णय घेतला होता, आणि डाव्या बाजूच्या ‘ऑक्युपाय डेमोक्रॅट्स’ या संकेतस्थळालाही त्यातून सूट मिळालेली नाही. इतके झाल्यावर आपण ‘काहींच्या मते ते एका बाजूला झुकलेले आहे’ असे गुळमुळीत लिहिले, तर वाचकाची फसवणूक होते.

‘तटस्थ’ या शब्दाकडे पाहा. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. पण आपण त्याचा अर्थ ‘मधोमध उभा असलेला’ असा करतो. आमच्या ऐरोलीच्या पुलावर मधोमध उभा राहिलेला माणूस तटस्थ नव्हे, तो फक्त खाडीच्या वर असतो. विकिपीडियाच्या तटस्थ दृष्टिकोनाच्या धोरणातही दोन बाजूंना सारखे माप द्या असे म्हटलेले नाही. विश्वसनीय स्रोतांनी ज्या मताला जितके वजन दिले आहे तितकेच लेखात द्या, असे म्हटले आहे. मराठीत ‘तो ते पाहून तटस्थ झाला’ असाही प्रयोग आहे, म्हणजे थक्क होऊन खिळून राहिला. आपले संपादक या दुसऱ्या अर्थाने तटस्थ होऊ नयेत, एवढीच विनंती.

कळवेकर :

दोघांचेही अर्धे-अर्धे बरोबर आहे, आणि उरलेले अर्धे विशेषणात सापडणार नाही, ते क्रियापदात आहे. संपादकांच्या वादात खरा प्रश्न हा असतो की एखादे वाक्य ज्ञानकोश स्वतःच्या आवाजात म्हणतो की दुसऱ्या कोणाच्या तोंडी घालतो. इंग्रजी विकिपीडियातला दंडक असा की निंदाव्यंजक बिरुद शक्यतो टाळावे, आणि विश्वसनीय स्रोतांत ते सर्रास वापरले जात असेल तर ते कोणी वापरले हे वाक्यातच सांगावे. ‘तसे म्हणावे की नाही’ यावर मग महिना-महिना चर्चा चालते. जाहीरपणे मते मागवण्याची जी रीत तेथे आहे, तिची नेहमीची मुदत तीस दिवसांची असते, आणि शेवटी वर झालेले हात मोजण्याऐवजी कोणाचा युक्तिवाद स्रोतांना धरून आहे हे पाहिले जाते.

मराठीत या जागी आपण हमखास घसरतो, कारण आपल्याकडे ‘असे म्हटले जाते’ हा बिनधन्याचा प्रयोग हाताशी असतो. कोणी म्हटले? कधी? बोलीभाषा निदान प्रामाणिक आहे. ती ‘म्हणे’ लावते. ‘ते पोर्टल म्हणे खोटे छापते’ या वाक्यात सांगणाऱ्याने आपली अंगचोरी उघड कबूल केलेली असते. ‘म्हटले जाते’मध्ये तीच अंगचोरी सुटाबुटात येते.

‘दावा केला’ हाही असाच शब्द. मराठीत दाव्याचे तीन अर्थ चालतात: ठाम प्रतिपादन, न्यायालयातला खटला आणि जुने वैर, जसे ‘दावा साधणे’. एकाने ‘सांगितले’ आणि दुसऱ्याने ‘दावा केला’ असे लिहिले की वाचकाला कोणावर विश्वास ठेवायचा ते कळून चुकते. खटल्याच्या अर्थाचा दावा तर आपल्याच देशात लागला. ‘एएनआय’ या वृत्तसंस्थेने जुलै २०२४ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावून दोन कोटी रुपये मागितले. इंग्रजी विकिपीडियाच्या लेखात त्या संस्थेवर ‘केंद्र सरकारच्या प्रचाराचे साधन झाल्याबद्दल टीका झाली आहे’ अशा आशयाचे वाक्य होते. नीट पाहा, ‘ती प्रचाराचे साधन आहे’ असे ते नव्हते, ‘टीका झाली आहे’ असे होते. त्या खटल्याविषयीचे पानच काढून टाकण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश पुढे ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. एका क्रियापदाला किती वजन येऊ शकते, हे त्यावरून दिसते.

नौपाडाकर :

कळवेकर, क्रियापदाचा मुद्दा एकदम पटला, आणि त्यामुळे माझ्याच मसुद्यातली एक चूक सापडली. ब्राइटबार्टने दिशाभूल करणारा मजकूर छापल्याचे सांगणारा भाग मी असा उतरवला होता: ‘हे संकेतस्थळ चुकीची माहिती देण्यासाठी ओळखले जाते.’ वाचून पत्नी हसली. ठाणे तलावांसाठी ओळखले जाते, पैठण पैठणीसाठी ओळखले जाते. ‘साठी ओळखले जाणे’ हा मराठीत मानाचा प्रयोग आहे. ‘कुप्रसिद्ध’ लिहावे तर पुन्हा ठपका आला.

आणखी एक शंका. ‘मुखपत्र’ चालेल का?

वाशीकर :

‘मुखपत्र’ उत्तम शब्द आहे, पण येथे नको. ‘दीनबंधु’ १८७७ मध्ये निघाले आणि सत्यशोधक चळवळीचे मुखपत्र म्हणून ओळखले गेले. ‘सामना’ १९८८ मध्ये सुरू झाला तोही शिवसेनेचे मुखपत्र म्हणूनच. यांपैकी कोणाला तसे म्हटल्याचा राग येत नाही, कारण तो शब्द घोषित नाते सांगतो. संघटना आहे, तिचे पत्र आहे, नाते दोघांनाही मान्य आहे. ‘पक्षपाती’ हा निवाडा आहे, तर ‘मुखपत्र’ ही पडताळून पाहता येणारी माहिती आहे, आणि म्हणूनच नाते नसताना तो वापरला तर ते विधान सरळ चूक ठरते. ब्राइटबार्ट कोणत्या पक्षाच्या मालकीचे नाही.

‘दिशाभूल’बद्दलही सांभाळा. ‘माझी दिशाभूल झाली’ यात कोणाचा दोष नाही, ‘त्याने माझी दिशाभूल केली’ यात हेतू आला. खोटे नकळत पसरवणे आणि जाणून पसरवणे यांसाठी इंग्रजीत दोन वेगळी नामे आहेत. आपल्याकडे तो फरक ‘होणे’ आणि ‘करणे’ दाखवतात. तेव्हा हेतू सिद्ध करणारा स्रोत हाती असेल तरच ‘करणारा’ लिहा, नाहीतर ‘खोटा ठरलेला मजकूर’ पुरे, आणि कोणी खोटा ठरवला तेही द्या. नेमकी घटना आणि नेमके वर्ष दिले की ‘कुप्रसिद्ध’ची गरज उरत नाही. ऐरोलीकरांना हवी असलेली धारही त्यातूनच येते.

ऐरोलीकर :

मान्य. माझा विरोध ‘काहींच्या मते’ला होता. नावानिशी लिहिणार असाल तर तक्रार नाही.

नौपाडाकर :

आपणा सर्वांच्या सूचना धरून सुधारलेला आरंभ असा झाला आहे: ‘ब्राइटबार्ट न्यूज हे २००७ मध्ये सुरू झालेले, बातम्या, मते आणि टिप्पणी प्रसिद्ध करणारे अमेरिकन संकेतस्थळ आहे. राजकारणाच्या अभ्यासकांनी त्याची गणना टोकाच्या उजव्या विचारसरणीच्या माध्यमांत केली आहे. त्याचे तत्कालीन कार्यकारी अध्यक्ष स्टीव्ह बॅनन यांनी २०१६ मध्ये ते ‘ऑल्ट-राइट’ या टोकाच्या उजव्या गटाचे व्यासपीठ असल्याचे सांगितले होते.’ अभ्यासकांची नावे आणि संदर्भ दुसऱ्या वाक्याला जोडतो. ‘पक्षाभिनिवेशी’ हा शब्द मी पुढे, स्वरूपाविषयीच्या परिच्छेदात ठेवला आहे. काही राहिले का?

वाशीकर :

‘व्यासपीठ’ बदला. त्यात व्यासमुनी बसले आहेत. बॅनन यांचा मूळ शब्द साधा होता, ‘मंच’ लिहा.