प्रेमळ 'विच'ला मराठीत काय म्हणायचं?

सातेरीवाडा:
एक अडचण आहे. लहान मुलांची गोष्ट मराठीत करतेय. आठ वर्षांची मुलगी आणि तळीकाठी एकटी राहणारी विच (इंग्रजी witch), दोघींची मैत्री होते, एवढंच. विच अगदी प्रेमळ, वाड्यावरच्या हरवलेल्या कोंबड्या शोधून देते वगैरे. मी सरळ 'चेटकीण' लिहिलं. परवा म्हापशाला मैत्रिणीच्या मुलाला वाचून दाखवलं तर पहिल्याच पानाला पोरगं पांघरुणात, रात्री मोरीपर्यंत एकटं जाईना. मैत्रीण म्हणते जादूगारीण लिही. पण जादूगारीण म्हटलं की मला टोपीतून ससा काढणारी बाई दिसते. शुक्रवारी मजकूर द्यायचाय, काय करू?

शब्दखोर:
चेटकीणच ठेवा. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकर करायचे, तिला काय पोरं घाबरून पळाली? खुर्चीतून पडेपर्यंत हसायची.

जुनी_शाळा:
हसायची, पण चिंची दुष्टच होती ना हो. विनोदी वेगळं, प्रेमळ वेगळं. 'प्रेमळ चेटकीण' म्हणजे गोड कारलं. 'मांत्रिका' लिहा, अर्थही बरोबर आणि शब्दही शुद्ध.

शब्दखोर:
मांत्रिका हा शब्द शेवटचा कोणाच्या तोंडून ऐकलात? आठ वर्षांची मुलगी मैत्रिणीला "ए मांत्रिके" अशी हाक मारणार?

मांडवीकाठ:
मला यात वेगळीच गंमत वाटते, म्हणजे आपल्याकडे चांगल्या बायांचे शब्दच घसरत गेलेत, जखीण बघा, मूळची यक्षिणी, कुबेराच्या परिवारातली, देवळांच्या खांबांवर झाडाची फांदी धरून उभी असते ती, आणि आपण तिला विहिरीत नेऊन बसवली. डाकिनीचंही तेच, तिबेटी बौद्धांत ती वंदनीय, आणि इकडे सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला त्यामागे हेही होतंच. म्हणून डाकीण तेवढं नको. पण शब्द घसरतो तसा वर पण चढू शकतो की. चेटकिणीला एकदा चढू द्या.

नारळीपाक:
चेटकीण वरूनच आलीय 🙂 संस्कृत नाटकात चेटी म्हणजे दासी. आमच्याकडे चेडूं म्हणजे मुलगी, चेडो मुलगा. आणि कोकणात चेडा नावाचं भूत आहे, ते काही पोरासारखंच, कामाला जुंपलेलं. म्हणजे चेटूक = हुकमाचा नोकर, चेटकीण = त्याची मालकीण. झालं की नाही?

शब्दखोर:
नाही झालं. नुसता आवाज जुळला म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. उद्या 'चटणी' पण त्यातच घालाल.

नारळीपाक:
चटणीत जादू असतेच. आमच्या आईची खाऊन बघा.

कुळागर:
मी सांग्याचा. गोव्यात बसून लिहिताय तर आमचा देवचार, राखणदार भूत, विसरलात काय? रात्री रानात वाट चुकली तर काठी आपटत पुढे चालतो आणि माणसाला घरापर्यंत सोडतो म्हणतात. आजोबा बांधावर त्याला रोट, विडी आणि सुरो (दारू) ठेवायचे. आम्ही त्याला घाबरायचो आणि त्याच्याच भरवशावर रात्री फिरायचो. हेच तर हवंय ना गोष्टीत? फक्त तो पडला पुरुष.

जुनी_शाळा:
तो शब्द कोंकणी. प्रश्न मराठीचा आहे.

कुळागर:
सायबा, देवचार अर्धी वाट मराठीत आणि अर्धी कोंकणीत चालत नाही. गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी हा १९८७चा वाद इथे परत काढू नका.

जुनी_शाळा:
मी काढला नाही. तुम्ही काढलात.

सातेरीवाडा:
अहो तुमचं भांडण चालू दे, पण मला एक सुचलं. 'चेटकी आजी' कसं वाटतं? आमच्या वाड्यावर एक आजी दिश्ट काढायची. मूठभर मीठ, मिरच्या, पोरावरून ओवाळून चुलीत, आणि ठसका आला नाही की म्हणायची "बघ, केवढी लागलेली". शेजारचे किरिस्तांवसुद्धा पोरं घेऊन यायचे. दुपारी तिच्या दारावरून आम्ही पळत जायचो आणि संध्याकाळी तिच्याच ओट्यावर उकडलेल्या आठळ्या खात बसायचो. ही विच वाचताना मला तीच दिसते.

मांडवीकाठ:
छान आहे. पण आजी म्हटल्यावर मैत्री राहील का? आजी लाड करते. मैत्रिणीशी कट्टी घेता येते.

शब्दखोर:
बरोबर. गोष्टीत मुलगी तिला अगंतुगं करते ना? मग नुसतं नाव द्या आणि 'चेटकीण' एकदाच, चौथ्या पानावर, तोपर्यंत पोराला ती आवडलेली असेल.

सातेरीवाडा:
पण शीर्षकातच विच आहे हो…

नारळीपाक:
मिरच्या किती घ्यायची ती आजी? आमच्याकडे पाच.

कुळागर:
सात. आणि देठासकट.

नारळीपाक:
देठासकट कधीच नाही. कोणी सांगितलं?

सातेरीवाडा:
तीन घ्यायची. आणि शुक्रवार परवा आहे.

कुळागर:
तीनमध्ये कुठली दिश्ट जाते.