बॅटरीवाली मालगाडी पहिले घ्यावी कोणी?

थोकवाला_हिंगणघाट
आपली किराणा मालाची एजन्सी आहे, समुद्रपूर, वडनेर अन् आजूबाजूच्या खेड्यायत माल जाते. डिझेलनं कंबरडं मोडून रायलं म्हणून बॅटरीची तीनचाकी घ्यायचा विचार आहे पण बाबा म्हणतात पहिले दुसऱ्या कोण्या एजन्सीले घेऊ दे, मग पाहू. बाकी एजन्सीवाल्यायकडेही हेच चालू, सगळे एकमेकायच्या तोंडाकडे पाहून बसले. खरंच एकानं घेतली की बाकीचे घेतात का?

गाडीवान_वर्धा
घेतात भाऊ, पण हिशोब दिसला तरच. आमच्याकडे एका कृषी केंद्रवाल्यानं घेतली तं संध्याकाळी आजूबाजूचे दुकानदार येऊन चार्जिंगचं मीटर पाहायचे, हमालाले विचारायचे खताच्या बॅगा भरून चढावर दम धरते का. शोरूमच्या कागदापेक्षा त्या हमालाचा शब्द जास्त चालला.

वावरवाला
हे जुनंच आहे. अमेरिकेत आयोवातल्या संकरित मक्यावर रायन अन् ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञायचा अभ्यास 1943 मध्ये छापून आला. बियाण्याची खबर शेतकऱ्यायले विक्रेत्याकडून लागली, पण मन वळलं ते शेजाऱ्याचं पाहून. कंपन्यायचंही तसंच, पुढचं नीट दिसत नसलं की आपल्याच बरोबरीच्याचं पाहून चालतात. नागपुरात 2021 मध्ये ट्रकसाठी एलएनजीचा, म्हंजे पातळ केलेल्या नैसर्गिक गॅसचा, पंप सुरू झाला, चांगलंच झालं, पण त्याच्यानं तुमच्या बाबायचं मन कसं वळंल? त्यायले दुसरा एजन्सीवालाच दिसला पायजे.

डाळमिल_अकोला
उलटंही होते बरं. नागपुरात 2017 मध्ये इलेक्ट्रिक टॅक्सी आल्या, चार्जिंगच्या लायनीत ड्रायव्हरायचा धंदा बुडाला, कित्येकायनं गाड्या वापस केल्या. पहिल्याची फसली की दहा जण मागं सरकतात. म्हणून पहिल्यानं जपून चालवावं, या तीनचाकीची ताकद साधारण 500 किलोची, डिझेलच्या गाडीसारखा माल दाबून भराल तं रेंज, म्हंजे एका चार्जिंगमध्ये गाडी जाते ते अंतर, अर्ध्यावर येईल अन् नाव गाडीचं खराब होईल.

गाडीवान_वर्धा
माझं ऐकाल तं दोघं-तिघं मिळून घ्या. एकटीच गाडी असली की मेकॅनिक बाहेरून यायची वाट पाहात माल पडून राहते, चार गाड्या झाल्या की गावचाच पोरगा काम शिकते अन् फायनान्सवालाही नीट बोलते.

थोकवाला_हिंगणघाट
हे पटलं. वडनेरकडे माल देणारा एक एजन्सीवाला ओळखीचा आहे, त्याच्याशी बोलतो, बाबालेही संगं नेतो. त्या कृषी केंद्रवाल्याचा महिन्याचा हिशोब भेटंल का भाऊ? लाइटबिल अन् टायरचा खर्च दोन्ही पायजे, बाबा पहिले तेच विचारतीन.