गणिताच्या तासाला गोलात बसायचं, मग शिकवणार कोण?

सिडकोकर: लेक चौथीत आहे. गणिताच्या तासाला चार-चार पोरांचे गट, बाई नुसत्या फिरतात, फळा कोरा. घरी आली की मला रीत विचारते. आमचे सर एक उदाहरण सोडवायचे, आम्ही खाली दहा सोडवायचो. आलंच ना गणित? गटात एक हुशार पोरगं सोडवतं, बाकीचे उतरवतात. निव्वळ टाइमपास.

खडू_डस्टर: 19 वर्षं गणित शिकवतेय, हे वाचून गप्प बसवेना. गेल्या महिन्यात वर्गात आपल्या देवळालीचे गणिती शिक्षक कापरेकर सर, त्यांचा आकड्यांचा खेळ घेतला. तीन अंकी संख्या घ्या, तिन्ही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहान असे मांडा, त्यातून तीच उलटी करून वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. गाडी 495 वर येऊन थांबते. (चार अंकी घेतली तर तो प्रसिद्ध 6174.)

एका गटात तिघांचं 495 आलं, चौथा 303 वर अडकला. तो 352 पासून निघालेला. 532 वजा 235 करताना 2 मधून 5 जात नाहीत, म्हणून पठ्ठ्याने 5 मधून 2 काढले. झाले 303. पुढे 330 वजा 033, पुन्हा 303! बाकावर उभा राहून ओरडला, "बाई, मला नवीन नंबर सापडला!" मी तोंड उघडलं नाही. शेजारची म्हणाली, "303 मध्ये 235 मिळव बरं." 538 आले. 532 पाहिजे होते. मग दोघं डोकं लावून बसले आणि हातचा कुठे राहिला ते शोधलं. हाच हातचा मी फळ्यावर निदान पन्नास वेळा समजावला असेल. आणि फिरते म्हणजे काय हो? कुठल्या गटाला कधी टोकायचं नाही, हे ठरवायला फळ्यापेक्षा जास्त डोकं लागतं.

गंगापूर_रोड: कापरेकरांचं नाव काढलंत म्हणून विचारतो, ते कुठल्या गटात होते? माणूस शाळा सांभाळून एकटा आकड्यांशी खेळत बसला. 1975 साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला कळलं. गट असता तर गट म्हणाला असता, "सोड ना यार, पोर्शन संपव."

खडू_डस्टर: वा! म्हणजे पोर्शनवाल्यांनीच हे म्हणायचं.

पाढेवाली_आजी: गट-बिट राहू द्या. पोरांना आधी आकडे म्हणता येतात का? 2019 ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ते 'वीस एक' आलं तिथेच माती झाली. माझा नातू त्रेसष्ट म्हटलं की 36 लिहितो.

नाशिकरोड_लोकल: आजी, तुम्ही त्या पुस्तकवाल्यांच्याच बाजूने बोलताय. 'त्रे' आधी ऐकू येतो म्हणूनच तो 3 आधी लिहितो. 'साठ तीन' म्हणा, चुकणार नाही. कन्नड-तेलुगूत असंच म्हणतात.

पाढेवाली_आजी: मग जा की बेंगळुरूला. आम्ही पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे, घडाघडा म्हणायचो. बाजारात भाजीवाली साठ तीन रुपये म्हणते का?

नाशिकरोड_लोकल: एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत 'एकोण', आणि 99 ला एकदम नव्व्याण्णव. हे का, ते दीडकीत बसवून दाखवा.

पाढेवाली_आजी: जिभेला वळण लागतं, त्याला का-बिका नसतं. आईला विचार.

नाशिकरोड_लोकल: आईवर जायचं काम नाही.

गंगापूर_रोड: मूळ विषय काय होता? आणि उतरवणाऱ्यांचं उत्तर बाईंनी दिलंच नाही. माझ्या मुलाने वर्षभर गटात मान डोलावली, शेवटी क्लासला पैसे मोजले तेव्हा सुधारला.

खडू_डस्टर: उतरवतात, हे खरं आहे. म्हणून फळ्यावर सोडवायला मी हुशार पोराला बोलवत नाही, गटातल्या सगळ्यात गप्प पोराला बोलवते. त्याला नाही आलं तर अख्ख्या गटाचं नाही आलं. पण 40 च्या वर्गात 10 गट, आणि मी एकटी. रोज नाही जमत, हेही लिहून ठेवा.

सिडकोकर: काल लेकीला म्हटलं, दाखव तुझा तो 495. मुद्दाम 100 दिले. 100 वजा 001, आले 99. 99 वजा 99, शून्य. म्हटलं, झाला तुझा खेळ. ती म्हणे, "पप्पा, पुढचं शून्य खाल्लंत. 99 नाही, 099." मग 990 मधून 99 गेले आणि पाच ओळींनी आलंच 495. बाईंनी सांगितलं का विचारलं, तर म्हणे नाही, गटात भांडण झालं होतं यावरून. असो. पाढे पाठ पाहिजेत म्हणजे पाहिजेतच.

पाढेवाली_आजी: बघा! आणि 99 ला ती काय म्हणाली, ते सांगा आधी.